लॅबमधल्या आठ मशीनवर एकच ॲनिमेशन कसं रेंडर करायचं

४० सेकंदांचा शॉट, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १,००० फ्रेम. एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे सीनमधून तिचं चित्र तयार व्हायला, ६ मिनिटं लागत असतील तर एकट्या मशीनला १०० तास लागतात. चार दिवस, वर चार तास. तेवढ्याच ताकदीची आठ मशीन जोडली तर हेच काम साडेबारा तासांत होतं: संध्याकाळी सातला लावलं की सकाळी साडेसातला तयार. रेंडर फार्म एवढंच करतो. ६ मिनिटांची फ्रेम फार्मवरही सहाच मिनिटं घेते, फक्त एका वेळी आठ फ्रेम चालतात. तुमचा शॉट म्हणजे एकच मोठ्ठं पोस्टर असेल तर खालच्या खटाटोपाचा काही उपयोग नाही.

नवख्या माणसाचं काम कुठे अडतं, तर प्रत्येक मशीन तुमची फाईल नव्याने, परक्यासारखी उघडतं. तुमच्या डेस्कटॉपवरचं टेक्स्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेलं चित्र), तुमच्या ब्लेंडरमधलं (थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधलं) सेटिंग, तुम्ही परवा टाकलेला ॲड-ऑन, यातलं काहीही त्याच्याकडे नसतं. फार्मवर बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टींचं मूळ इथेच असतं, त्यामुळे पुढच्या पायऱ्यांमध्ये हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

इथे ब्लेंडर आणि फ्लॅमेन्को ही जोडी धरली आहे. फ्लॅमेन्को हे रेंडरची कामं मशीनमध्ये वाटणारं, ॲमस्टरडॅमच्या ब्लेंडर स्टुडिओने स्वतःच्या कामासाठी बनवलेलं मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. आज वापरात असलेली त्याची तिसरी आवृत्ती २०२२ मध्ये आली. कॉलेजची लॅब किंवा पाच-दहा मशीनचा छोटा स्टुडिओ असेल तर याहून जड काही लागत नाही.

आधी वीज

ग्राफिक्स कार्डवर पूर्ण जोर देऊन चालणारं मशीन सहज ४५० वॉट ओढतं. आठ मशीनचे झाले ३,६०० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ साडेपंधरा अँपिअर. १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर हे सगळं असेल आणि त्याच लाइनवर एसी, तर रात्री केव्हातरी एमसीबी पडणार. मशीन दोन वेगळ्या सर्किटवर वाटून घ्या. साध्या एक्स्टेन्शन बोर्डांची माळ लावू नका. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. ब्राउझर चालवताना तो पुरतो, पण रेंडरच्या वेळी लाइट गेली की त्याच क्षणी मशीनही जातं. यूपीएस द्यायचाच असेल तर फाइली ठेवलेल्या मशीनला आणि नेटवर्क स्विचला द्या. बाकीची मशीन बंद पडली तर अर्धवट राहिलेल्या फ्रेम्स तेवढ्या पुन्हा कराव्या लागतात, बाकी काही बिघडत नाही.

साडेबारा तासांत वरच्या हिशेबाने ४५ युनिट जळतात. एसीचे वेगळे.

विंडोजमध्ये स्लीप 'नेव्हर' करा आणि अपडेटचे 'ॲक्टिव्ह अवर्स' रात्रीवर ओढा. पहाटे तीनला अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट झालेलं मशीन सकाळी लॉगिन स्क्रीन दाखवत शांत बसलेलं असतं आणि त्याने किती फ्रेम केल्या ते विचारण्यात अर्थ नसतो.

केबल तपासा, खरंच तपासा

वायफायवर फार्म करू नका. गिगाबिट स्विच आणि केबल घ्या. गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. तुमचा सीन टेक्स्चरसकट २ जीबीचा असेल आणि आठही मशीनने तो एकदम मागितला, तर १६ जीबी सर्व्हरच्या एका केबलमधून जायला अडीच मिनिटं लागतात. हे चालण्यासारखं आहे.

चालण्यासारखं नसतं ते असं. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० मेगाबिटचं काम दोन जोड्यांवर भागतं. खुर्चीच्या चाकाखाली येऊन उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार तुटली की नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. इंटरनेट चालतं, फाईल उघडते, कुणाला काही कळत नाही. फक्त २ जीबीचा सीन वाचायला १८ सेकंदांऐवजी तीन मिनिटं लागतात. प्रत्येक फ्रेमसाठी सीन नव्याने वाचायचा असेल तर ६ मिनिटांची फ्रेम ९ मिनिटांची होते आणि लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतात. म्हणून प्रत्येक मशीनवर नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिंक स्पीड' बघा. १००० नसेल तर आधी केबल बदला. मग स्विचचा पोर्ट बदलून बघा.

सगळ्यांना दिसणारा एकच फोल्डर

एका मशीनवर, शक्यतो एसएसडीवर, एक फोल्डर शेअर करा. नाव साधं द्या, रोमन अक्षरांत, मध्ये स्पेस नको. फाइलींना देवनागरी नावं देता येतात, पण एखादं जुनं स्क्रिप्ट किंवा ॲड-ऑन तिथेच अडखळतं आणि चूक शोधताना डोळे शिणतात. फार्मपुरता हा मोह टाळा.

या फोल्डरपर्यंत पोहोचायचा पत्ता आठही मशीनवर अक्षरशः सारखा हवा. एकावर झेड ड्राइव्ह आणि दुसऱ्यावर वाय ड्राइव्ह, असं चालत नाही. सगळीकडे झेड करा, किंवा दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हरचं नाव आणि शेअरचं नाव असा पूर्ण नेटवर्क पत्ता वापरा. दुसरा मार्ग जास्त पक्का. ड्राइव्हचं अक्षर त्या-त्या लॉगिनपुरतंच जोडलेलं असतं. वर्करला, म्हणजे रेंडर मशीनवर चालणाऱ्या फ्लॅमेन्कोच्या भागाला, विंडोज सर्व्हिस म्हणून चालवलं तर त्याला झेड ड्राइव्ह दिसतच नाही, आणि तुम्ही स्वतः बसून बघता तेव्हा मात्र समोर दिसतो. यात एक अख्खी दुपार जाऊ शकते.

गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांसारखं सिंक होणारं फोल्डर इथे वापरू नका. फ्लॅमेन्को धरून चालतो की एका मशीनने लिहिलेली फाईल त्याच क्षणी सगळ्यांना दिसते. सिंकमध्ये ती मागाहून पोहोचते, तोवर वर्कर 'फाईल सापडत नाही' म्हणून मोकळा झालेला असतो.

लॅबमध्ये विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर पत्ते वेगळे असणारच. त्यासाठी मॅनेजरच्या, म्हणजे कामं वाटणाऱ्या भागाच्या, यॅमल सेटिंग फाईलमध्ये 'टू-वे व्हेरिएबल' लिहिता येतं: विंडोजवर हा पत्ता, लिनक्सवर तो. शिवाय विंडोज लहान-मोठी अक्षरं एकच मानतं, लिनक्स मानत नाही. फाईलचं नाव मोठ्या 'टी'ने आणि पाथमध्ये, म्हणजे फाईलच्या पत्त्यात, छोटा 'टी' असेल तर टेक्स्चर विंडोजवर दिसेल, लिनक्सवर गायब.

सॉफ्टवेअरशिवायचा फार्म

शेअर झालं की फ्लॅमेन्को टाकण्याआधीच फार्म चालवून बघता येतो. ब्लेंडरच्या आउटपुट पॅनेलमध्ये 'ओव्हरराइट'ची खूण काढा, 'प्लेसहोल्डर्स'ची लावा, आउटपुट शेअर फोल्डरमध्ये द्या आणि फाईल तिथेच सेव्ह करा. आता प्रत्येक मशीनवर तीच फाईल उघडून ॲनिमेशन रेंडर सुरू करा. मशीन एखादी फ्रेम घेताना आधी तिच्या नावाची रिकामी फाईल बनवून जागा अडवतं. दुसरं मशीन ती बघून पुढच्या फ्रेमवर जातं. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तसं.

मशीन मध्येच बंद पडलं तर रुमाल मात्र तसाच राहतो. शून्य बाइटची ती फाईल बघून बाकीचे 'झाली वाटतं' म्हणून पुढे जातात. शेवटी फोल्डर आकाराप्रमाणे लावून शून्य बाइटच्या फाइली पुसायच्या आणि एका मशीनवर पुन्हा रेंडर द्यायचा. चार मशीन आणि एका रात्रीचं काम असेल तर इथेच थांबा. तेवढ्यासाठी पुढचं काही लागत नाही.

मॅनेजर आणि वर्कर

फ्लॅमेन्कोचे दोन भाग. मॅनेजर एकाच मशीनवर चालतो आणि कामं वाटतो. वर्कर प्रत्येक रेंडर मशीनवर चालतो आणि काम मागून घेतो.

मॅनेजरच्या मशीनला राउटरमधून आयपी पक्का करून द्या, समजा १९२.१६८.१.१०. मॅनेजर पहिल्यांदा चालवला की ब्राउझरमध्ये सेटअपची पानं उघडतात: शेअर फोल्डर कुठे आहे, ब्लेंडर कुठे आहे. फोल्डरचा पत्ता देताना मॅनेजर ज्या मशीनवर आहे तिथला सी ड्राइव्हचा पत्ता देऊ नका, फाइली त्याच मशीनवर असल्या तरी. बाकी सात मशीनच्या सी ड्राइव्हवर तो फोल्डर नाही. नेटवर्क पत्ताच द्या.

मग प्रत्येक मशीनवर वर्कर चालवा. तो नेटवर्कवर मॅनेजरला आपला आपण शोधतो. सापडला नाही तर विंडोजने ते नेटवर्क 'पब्लिक' ठरवलंय का बघा. 'प्रायव्हेट' करा आणि मॅनेजरच्या मशीनवर फायरवॉलमध्ये ८०८० हा पोर्ट मोकळा करा. तरीही नाही जमलं तर वर्करच्या सेटिंग फाईलमध्ये मॅनेजरचा आयपी आणि ८०८० हाताने लिहा. फ्लॅमेन्कोला पासवर्ड नाही. जो कोणी मॅनेजरच्या वेबपानापर्यंत पोहोचेल तो जॉब, म्हणजे रेंडरचं काम, टाकू शकतो आणि पुसूही शकतो. घरून बघता यावं म्हणून राउटरवर हा पोर्ट बाहेर उघडा करू नका.

आठही मशीनवर ब्लेंडरची आवृत्ती एकच हवी, शेवटच्या आकड्यापर्यंत. रंगांचं 'एजीएक्स' हे सेटिंग ब्लेंडर ४.० पासून आलं. एका मशीनवर चुकून ३.६ राहिलं तर त्याने केलेल्या फ्रेम्स वेगळ्याच रंगाच्या येतात आणि शॉट चालवला की दर सात-आठ फ्रेमला उजेड मिचकतो. इन्स्टॉल न करता चालणारी ब्लेंडरची पोर्टेबल झिप शेअर फोल्डरमध्ये उघडून सगळ्यांनी तेच ब्लेंडर वापरणं, हा सर्वात सोपा उपाय.

ग्राफिक्स कार्डाचं सेटिंग ब्लेंड फाईलमध्ये नसतं

सीनमध्ये 'जीपीयू' निवडलं म्हणजे झालं, असा समज असतो. पण कोणतं कार्ड वापरायचं, ऑप्टिक्स की कुडा (एनव्हिडियाचं कार्ड वापरायच्या दोन पद्धती), हे ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये असतं, आणि प्रेफरन्सेस प्रत्येक मशीनवर, प्रत्येक युजरपुरते वेगळे. तिथे 'नन' असेल तर सायकल्स, म्हणजे ब्लेंडरचं रेंडर इंजिन, काही न बोलता प्रोसेसरवर रेंडर करतो. चूक दिसत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, फक्त बाकीची मशीन ६ मिनिटांत उरकतात ती फ्रेम हे मशीन पाऊण तास घेऊन बसतं. म्हणून प्रत्येक मशीनवर, ज्या लॉगिनने वर्कर चालणार त्याच लॉगिनने, ब्लेंडर एकदा उघडा, कार्ड निवडा, प्रेफरन्सेस सेव्ह करा.

डीनॉइझरही (चित्रातले दाणे पुसणारा भाग) सगळीकडे एकच ठेवा. ऑप्टिक्सचा आणि ओपन इमेज डीनॉइझ यांचा पोत वेगळा दिसतो. सरमिसळ झाली की सपाट भिंती खदखदल्यासारख्या हलतात.

फाईल तयार करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

'फाइल' मेन्यूमधल्या 'एक्स्टर्नल डेटा'त जाऊन 'रिपोर्ट मिसिंग फाइल्स' चालवा. मग त्याच जागी सगळे पाथ रिलेटिव्ह करा, म्हणजे ब्लेंड फाईलच्या जागेपासून मोजलेले. रेंडर झालेल्या फ्रेममध्ये भडक गुलाबी-जांभळा पृष्ठभाग दिसला तर ब्लेंडर सांगतोय की टेक्स्चर सापडलं नाही. आणि हा रेंडर 'यशस्वी' म्हणूनच नोंदवला जातो. हिरवी खूण बघून झोपायला जाऊ नका.

कापड, धूर, कण असं सिम्युलेशन असेल तर ते आधी बेक करा, म्हणजे त्याचा हिशेब एकदाच करून साठवून ठेवा. ५०१व्या फ्रेमपासून सुरू करणाऱ्या मशीनला आधीच्या ५०० फ्रेममध्ये कापड कसं पडलं ते माहीत नसतं. बेक नसेल तर पदर प्रत्येक मशीनवर वेगळाच उडतो. कापडाची किंवा कणांची 'डिस्क कॅश' लावली तर ती ब्लेंड फाईलच्या नावाने बनलेल्या फोल्डरमध्ये जाते आणि फाईलचं नाव बदललं की सापडत नाही. कापडासाठी ते सरळ ॲलेम्बिकमध्ये (हालचाल साठवणाऱ्या फाईलप्रकारात) काढून परत जोडणं बिनघोर. धुराच्या कॅशचा फोल्डर मात्र वेगळा लिहिता येतो. तो शेअर फोल्डरमध्ये, रिलेटिव्ह पाथने द्या.

आउटपुट कायम एकेका चित्राचं, व्हिडिओचं कधीच नाही. आठ मशीन मिळून एक एमपीफोर लिहू शकत नाहीत, आणि ९९०व्या फ्रेमला लाइट गेली तर आधीच्या ९८९ घेऊन जाते. रंगांवर पुढे काम करायचं असेल तर ईएक्सआर (रंगांची जास्त माहिती ठेवणारा फाईलप्रकार), हाफ फ्लोट. नाहीतर १६ बिटचं पीएनजी. फुल एचडीची चार चॅनेलची हाफ फ्लोट फ्रेम दाबण्याआधी साडेसोळा एमबीची असते, १,००० फ्रेमचे साडेसोळा जीबी. पासेस (सावली, चमक असे वेगळे थर) वाढवले की त्या पटीत. सर्व्हरवर तेवढी जागा आहे का ते आधी बघा, कारण डिस्क भरल्यावर फ्रेम्स अर्धवट लिहिल्या जातात.

जॉब टाकणं: आधी तीनच फ्रेम

फ्लॅमेन्कोचा ॲड-ऑन मॅनेजरच्या वेबपानावरच मिळतो. तो ब्लेंडरमध्ये टाकून मॅनेजरचा पत्ता दिला की आउटपुट पॅनेलमध्ये फ्लॅमेन्कोचा रकाना दिसतो. जॉबचा प्रकार 'सिंपल ब्लेंडर रेंडर' निवडा.

फ्रेम्सच्या रकान्यात १ ते १००० लिहायचा हात आवरा. पहिली, शेवटची आणि सर्वात जड, अशा तीनच लिहा, स्वल्पविराम देऊन. जड म्हणजे जिथे केस, धूर, काच एकत्र कॅमेऱ्याजवळ येतात ती. तिन्ही आल्या की मोठ्या करून बघा आणि वेळ लिहून ठेवा. जड फ्रेम २० मिनिटांची निघाली तर सुरुवातीचा हिशेब कोलमडला, आणि ते संध्याकाळी साडेसहाला कळलेलं बरं.

आता 'चंक साइझ': एका वर्करला एका वेळी किती फ्रेम द्यायच्या. प्रत्येक चंकला ब्लेंडर नव्याने सुरू होतं आणि सीन पुन्हा वाचला जातो. सीन उघडायला ९० सेकंद आणि फ्रेमला २० सेकंद लागत असतील तर १ च्या चंकमध्ये ११० सेकंदांतले ९० नुसते उघडण्यात जातात. तिथे १५-२० चा चंक द्या. ६ मिनिटांच्या फ्रेमला २ किंवा ३ पुरे, २० मिनिटांच्या फ्रेमला १. फार मोठा चंक का नको, तर शेवटी एकच मशीन उरलेल्या ४० फ्रेम धरून बसतं आणि सात मशीन रिकामी. शिवाय फार्म सामाईक आहे. हातातलं टास्क, म्हणजे दिलेला चंक, संपल्याशिवाय वर्कर दुसऱ्याचं काम घेत नाही, त्यामुळे प्रायॉरिटी वाढवूनही तुमच्या शंभराच्या चंकपुढे शेजारी ताटकळत राहतो.

प्रायॉरिटी मुळात ५० असते, आकडा मोठा तर पाळी आधी. प्रत्येकाने ९० टाकायला सुरुवात केली की ती निरर्थक होते. लॅबमध्ये एकच नियम ठेवा: ५० च्या वर कुणाला जायचं ते एकच माणूस ठरवेल.

चालू असताना काय बघायचं

एखादं टास्क एका वर्करवर फसलं तर फ्लॅमेन्को त्याला 'सॉफ्ट-फेल्ड' म्हणतो आणि दुसऱ्या वर्करला देतो. तीन वेगळ्या वर्करवर फसलं तरच ते 'फेल्ड'. उलट एकच वर्कर त्या जॉबमधली तीन टास्क फसवून बसला तर त्या जॉबपुरता तो काळ्या यादीत जातो. यावरून निदान सोपं होतं: तेच टास्क सगळीकडे फसतंय तर दोष फाईलमध्ये, तेच मशीन सगळं फसवतंय तर दोष मशीनमध्ये.

टास्कवर क्लिक केलं की लॉग दिसतो. खालून वर वाचा. 'फाईल वाचता येत नाही' असं असेल तर पाथ. 'आउट ऑफ मेमरी' असेल तर सीन त्या कार्डात मावला नाही. ६ जीबीच्या कार्डावर फसलेली फ्रेम १२ जीबीच्या कार्डावर निघते. अशा वेळी मोठ्या कार्डाच्या मशीनना एक टॅग द्या आणि जॉब त्या टॅगने टाका. मग तो फक्त त्यांच्याकडेच जाईल.

दिवसा ज्या मशीनवर लोक काम करतात तिथल्या वर्करला झोपेचं वेळापत्रक लावता येतं, समजा सकाळी १० ते संध्याकाळी ७. मध्येच कुणी आलं तर वर्करला 'टास्क संपल्यावर झोप' असं सांगा. 'लगेच झोप' दिलं तर अर्धी झालेली फ्रेम वाया.

फ्रेम्स गोळा करणं

आधी मोजा. १,००० हव्या होत्या, ९९७ आहेत, तर कोणत्या तीन नाहीत ते शोधा. मग आकाराप्रमाणे लावा: शेजारच्या फ्रेमपेक्षा एकदम हलकी फाईल बहुधा काळी किंवा तुटकी असते. एकदम जड झालेलीही उघडून बघा, तिथे डीनॉइझर लागला नसण्याची शक्यता असते. चुकलेल्यांसाठी नवा जॉब टाकू नका. नवा जॉब तारीख-वेळेच्या नव्या फोल्डरात जातो आणि मग कुठली फ्रेम कुठली याचा गोंधळ होतो. खराब फ्रेमची फाईल आधी पुसा आणि त्याच जॉबमधलं तेवढं टास्क पुन्हा रांगेत लावा. फ्रेम जुन्याच जागी येते.

पीएनजी असेल तर फ्लॅमेन्को शेवटी स्वतःच एक प्रिव्ह्यू व्हिडिओ बांधून ठेवतो. ईएक्सआर असेल तर सहसा बांधत नाही, ते तुम्हाला करावं लागतं. ब्लेंडरच्या व्हिडिओ एडिटरमध्ये चित्रमालिका आणण्याआधी नव्या फाईलचा फ्रेम रेट २५ करा. मुळात तो २४ असतो, आणि मग ४० सेकंदांचा शॉट पावणेबेचाळीस सेकंदांचा होऊन आवाज मागे-पुढे पळतो. पीएनजीत एजीएक्सचा रंग आधीच भरलेला असतो, म्हणून एडिटरच्या फाईलमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग कसे दाखवायचे ते सेटिंग) 'स्टँडर्ड' ठेवा. नाहीतर तोच रंग दोनदा लागून चित्र धुवट दिसतं. ईएक्सआरला उलट एजीएक्स लागतो.

व्हिडिओ शेवटपर्यंत बघून झाला की फ्रेम्सची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मॅनेजरमधून तुमचा जॉब पुसा, शेअर फोल्डरमधल्या त्याच्या फाइलींसकट. पुढच्याचे साडेसोळा जीबी तिथेच बसायचे आहेत.